साडेचारची बाग

६ जानेवारी, सोमवार

मारेगावहून भगवानरावांनी कृषी केंद्राची डायरी पाठवली. ते माझ्या बायकोचे, शोभाचे, थोरले भाऊ. दर वर्षी दोन डायऱ्या पाठवायचे, एक बहिणीला आणि एक मला. माझी कोरी राहायची आणि तिच्यात पुढे शोभा किराण्याच्या याद्या करायची. यंदा एकच आली. एस.टी.च्या पार्सलमधून ती काढल्यावर मी पाकिटात पुन्हा एकदा हात घालून पाहिला.

शोभा १९ ऑगस्टला गेली. मागे एक मुलगा ठेवला, सलील, तो पुण्याला असतो. आणि एक बाग ठेवली, ती माझ्या गळ्यात पडली. बाग म्हणजे घरामागची वीस बाय पंचवीस फुटांची जागा, तेवीस कुंड्या आणि एक लिंबाचं झाड. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात एकतीस वर्षं मी लोकांची शेतं मोजली, पण स्वतःच्या हाताने मिरचीचं रोपसुद्धा कधी लावलं नाही.

शोभा रोज दुपारी साडेचारला टीव्हीवर 'चार कुंड्या' हा बागकामाचा कार्यक्रम पाहायची. मी त्याला नावं ठेवायचो. आता मीच पाहतो. चार महिने पाहून माझं मत पक्कं झालं आहे की असल्या कार्यक्रमांचा सामान्य माणसाला कवडीचा उपयोग नाही. पुण्याच्या स्टुडिओत बसून यवतमाळच्या मातीला सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तेव्हा या डायरीत त्यांच्या चुका क्रमवार टिपायच्या आणि वर्षअखेर वाहिनीला सविस्तर पत्र पाठवायचं, असं ठरवलं आहे.

चूक क्रमांक १. निवेदिका प्राचीताई आज म्हणाल्या की रोज सकाळी नळ आला की आधी झारी भरून घ्यायची. आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो. मी अंघोळीला मोठ्या घमेल्यात उभा राहतो आणि तेच पाणी झाडांना घालतो. साबण लावणं सप्टेंबरपासून सोडलं आहे. हे प्राचीताईंना सांगणार कोण?

९ जानेवारी

चूक क्रमांक २. मातीत कोकोपीट आणि परलाइट मिसळा, कुठल्याही नर्सरीत मिळेल. आर्णी रोडच्या नर्सरीत गेलो. तिथला कपिल म्हणाला, "काका, ते टीव्हीतल्या बागेले लागते. आपल्याले शेणखत बस झालं." शेणखत घेऊन आलो.

कुंड्यांकडे आज नीट लक्ष दिलं. प्रत्येक कुंडीवर शोभाने लाल ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे. 'हिला ऊन नको.' 'हिला आठवड्यातून दोनदाच पाणी.' 'ही सुकल्यासारखी दिसते, पण जिवंत असते.' हे तिने मागच्या मे महिन्यात केलं. तिला तर सगळं तोंडपाठ होतं, मग कोणासाठी लिहिलं कोण जाणे. त्याच महिन्यात तिने चाळीसेक कुंड्या भजनी मंडळातल्या बायकांना वाटून टाकल्या होत्या. मी चिडलो होतो. आजारपणात माणसाचं मन असं चळतं, असं तेव्हा वाटलं. डिशचं पॅकेजही दर महिन्याला भरायचं सोडून एकदम वर्षभराचं भरून ठेवलं.

लिंबाच्या झाडावर मात्र काहीच लिहिलेलं नाही. बुंध्याभोवतीच्या आळ्यात पालापाचोळा आहे आणि त्यात एक जुनं कवेलू, म्हणजे छपराचं कौल, पडलं आहे. साफसूफ करणार होतो, पण तिने ठेवलेलं आहे म्हणून तसंच राहू दिलं.

१४ जानेवारी, संक्रांत

यंदा आमच्याकडे हळदीकुंकू नाही. शेजारच्या विमलताई तिळगूळ घेऊन आल्या. त्यांच्या आणि आमच्या मधे कमरेएवढी भिंत आहे, पण आज त्या फाटकातून आल्या. टीव्ही चालू होता. तो पाहून म्हणाल्या, "तुम्हीपण पाहता होय भाऊ? शोभाताईचा फोन लागलता न याच्यात. मागच्या उन्हाळ्यात."

मी विचारलं, कसला फोन?

"लोकं प्रश्न विचारतात न, तसा. तुम्हाले सांगतलं नाही काय? मी टीव्ही लावून बसलती, पण ऐन टायमाले लाईट गेली. मंग मी तिले विचारलं, काय विचारलं व तू. तर म्हणे, बागेचंच विचारलं, दुसरं काय विचारू."

छत्तीस वर्षांच्या संसारात तिने मला न सांगता काही केलं असेल असं मला वाटत नव्हतं. मीच एक गोष्ट तिला सांगितली नव्हती, आणि ती तिच्या भल्यासाठीच होती.

विमलताई गेल्यावर लक्षात आलं की तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. फोटो आहेत. सलीलच्या लग्नाची सीडी आहे, पण तीत सनईच वाजते.

१६ जानेवारी

वाहिनीला फोन केला. एका मुलीने उचलला. जुने भाग मागून मिळत नाहीत म्हणाली. उन्हाळ्यात गेल्या वर्षीचे काही निवडक भाग पुन्हा दाखवतात, तेव्हा पाहा. कोणते भाग ते तिला माहीत नव्हतं.

म्हणजे आता एकही दिवस चुकवता येणार नाही. चुका टिपायला रोज पाहावाच लागतो म्हणा.

२३ जानेवारी

सकाळी फिरून आलो तर लिंबाच्या आळ्यातली माती ओली. मी काल संध्याकाळी एक बादली घातली होती, पण ती बारा तासांत जिरते. हात लावून पाहिला. गार लागलं.

पाइप कुठे गळतो का ते पाहिलं. तिथून पाइप जातच नाही.

टीव्हीसमोर शोभाची वेताची खुर्ची आहे. मी तिच्यावर बसत नाही, पलंगाच्या कडेला बसतो. आज कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ती खुर्ची वाजली. वेत थंडीत वाजतो, हे मला माहीत आहे.

२८ जानेवारी

सलीलचा फोन. सूनबाई, मिताली, बोलली. तिची पुण्यातली बाल्कनी 'चार कुंड्या' पाहून हिरवीगार झाली आहे. पालक काय, पुदिना काय. म्हटलं, तुझ्याकडे रोज नळ येतो आणि मे महिन्यात पंखा लावून भागतं, तुझं जमणारच.

आज शोभाच्या आजाराचं निदान होऊन एक वर्ष झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी मला आणि सलीलला आत बोलावून सांगितलं होतं. शोभा बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आम्ही ठरवलं की तिला सांगायचं नाही. पोटात अल्सर आहे म्हणायचं. आमच्या घरात माझ्या वडिलांच्या वेळीही असंच केलं होतं. सलील आज म्हणाला, "बाबा, आईला सांगितलं नाही ते बरंच झालं. शेवटपर्यंत हसत होती." मी हो म्हटलं. तिला काहीच माहीत नव्हतं, हे एक समाधान आहे.

६ फेब्रुवारी

लिंबाची पानं पिवळी पडत आहेत. सलील पुण्याला गेला त्या वर्षी भगवानरावांनी रोप दिलं होतं, म्हणजे झाड बारा वर्षांचं झालं. एवढ्याशा जागेत दर पावसाळ्यात टोपलीभर लिंबं देतं. शोभाच्या लोणच्याच्या बरण्या यवतमाळपासून पुण्यापर्यंत जायच्या. शेवटची बरणी अजून आहे, मी ती उघडलेली नाही.

पण त्यासाठी ती झाडाशी जे करायची ते मला पाहवत नसे. दर उन्हाळ्यात दीड महिना त्याचं पाणी तोडायची. याला ताण देणं म्हणतात. झाड सुकतं, पानं गाळतं, आणि नंतर पाणी मिळालं की फुलांनी भरतं. दर वर्षी आमचं त्यावरून भांडण व्हायचं. आणि दर वर्षी ती देवळात गेली की मी चोरून एक तांब्या ओतायचो. तिला कधी कळलं नाही.

आता पानं पिवळी दिसल्यावर मी एकाच्या दोन बादल्या केल्या. अंघोळ तांब्याभर पाण्यातही होते.

१३ फेब्रुवारी

कार्यक्रमाच्या नंबरवर लिंबाचा फोटो पाठवला होता. आज उत्तर दिलं. "यवतमाळचे चंद्रशेखर" असं माझं नाव टीव्हीवर घेतलं, तेव्हा नाही म्हटलं तरी मी उठून उभा राहिलो. प्राचीताई म्हणाल्या की काका, तुमच्या झाडाला पाणी फार होतंय, मुळं कुजतील, पाणी ताबडतोब बंद करा.

चूक क्रमांक ९. पुण्यात बसून फोटो पाहून यांना कळलं! इथे माणूस अंघोळ सोडून झाड जगवतो आणि म्हणे पाणी फार.

१९ फेब्रुवारी

सहा महिने झाले.

एक गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे ती रोज उठून समोर येणार नाही. नागपूरच्या दवाखान्यात शेवटचे तेरा दिवस होतो. तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ओला कापूस ओठांवर फिरवायचा, बस. तिने माझ्याकडे एकदाच मागितलं. "घोटभर द्या हो," म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून येतो. आणि बाहेर जाऊन बाकावर बसलो. विचारायचं काही नव्हतं, उत्तर मला माहीत होतं. तासाभराने आत गेलो तेव्हा तिला झोप लागली होती.

खरं तर तेराही दिवस मी जास्त करून बाहेरच होतो. रिपोर्ट, सह्या, औषधं, फोन. आत सलील बसायचा. जवळ बसलो तर ती काहीतरी विचारेल आणि मला खोटं बोलावं लागेल, याची भीती वाटायची.

आता झाड मागतं तेव्हा मी देतो. कोणी काही म्हणो.

११ मार्च

भगवानराव मार्केटच्या कामाने आले होते, जेवायला थांबले. लिंबाजवळ बराच वेळ उकिडवे बसले. बुंध्यातून डिंक गळतो आहे, तो बोटाने पुसून पाहिला. मूठभर माती उचलून हुंगली.

"भाऊजी, हे झाड तहानेनं नाही चाललं. बुडून राह्यलं," ते म्हणाले. "पाणी तोडा. एक थेंब नका घालू दीड-दोन महिने. ताण बसला तर वाचंल, नाहीतर जाईन."

मी म्हटलं, सुकेल हो. ते म्हणाले, "सुकू द्या. शोभी काय दर साल उगीच करे काय?"

त्यांना वचन दिलं. ते गेले तसं मन घट्ट करून अंघोळीचं पाणी मोरीत सोडलं. ते मोरीतून जाताना पाहवलं नाही.

१५ मार्च

चार दिवस मी थेंब घातला नाही. आज सकाळी आळ्यात हात घातला. ओलं. इतकं ओलं की बोटाला माती चिकटली.

लिहावं की नाही असं झालं आहे, पण ही डायरी कोण वाचणार? मला वाटतं शोभाच पाणी घालते. लिहिलं एकदाचं. मी मोजणी खात्यातला माणूस, साखळी टाकल्याशिवाय बांध कुठे ते सांगत नाही. पण मी फिरायला जातो तेव्हा घरात कोणी नसतं, आणि परत येतो तेव्हा माती ओली असते.

विमलताईंना विचारावं असं एकदा मनात आलं. पण विचारलं आणि काही साधंच कारण निघालं तर? नाही विचारलं. फिरायलाही रोज वेळेवर जातो, कोणाची अडचण होऊ नये म्हणून.

आणि तिला जर झाड ओलं हवं असेल तर मी कोण पाणी तोडणारा? संध्याकाळी बादली घातली.

२ एप्रिल

पानं जवळजवळ निम्मी गळली. उरलेली पिवळी. दोन फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या आहेत. मी तीन बादल्या घालतो आहे. झाड माझ्या हातून चाललं आहे, हे मला दिसतं. यापेक्षा जास्त काय करायचं ते कळत नाही.

हेही गेलं तर तिचं म्हणून या घरात जिवंत काय राहील?

८ एप्रिल

आजपासून 'उन्हाळी विशेष'. गेल्या वर्षीचे निवडक भाग. सव्वाचारलाच टीव्ही लावून बसलो. आज फोन होते नाशिक, लातूर, चिपळूण. यवतमाळ नाही.

११ एप्रिल

नाही. दुपारी वीस मिनिटं लाईट गेली होती. साडेचारच्या आत आली. त्या वीस मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आज लागला. सगळं जसंच्या तसं लिहितो, विसरायच्या आत. 

आजच्या भागाचा विषय, सुट्टीत बाहेरगावी जाताना बाग कशी सांभाळावी. तिसरा फोन.

"हॅलो, मी यवतमाळहून शोभा बोलत आहे." अगदी पुस्तकी. परक्या माणसाशी फोनवर ती अशीच सुरुवात करायची, दोन वाक्यं टिकायचं, मग सुटायचं. मी पलंगावरून उठलो आणि टीव्हीच्या अगदी जवळ जमिनीवर बसलो.

प्राचीताई म्हणाल्या, बोला.

"माझी बाग आहे. मी नसताना ती अशा माणसाकडे राहणार आहे, ज्यांना बागेतलं काहीच कळत नाही. तर मी काय काय करून ठेवू?"

प्राचीताई हसल्या. "मिस्टर वाटतं? किती दिवस जाताय बाहेरगावी?"

शोभा थांबली. त्या थांबण्यात मागून एका माणसाचा आवाज आला, "अगं, चहा टाकला का?"

तो मी होतो. मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत असणार.

"बरेच दिवस," शोभा म्हणाली.

मग प्राचीताईंनी सांगितलं. जास्तीच्या कुंड्या ओळखीत वाटून टाका. उरलेल्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. झाडाच्या आळ्यात एक कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरा, त्यातून पाणी हळूहळू झिरपतं, आणि ते आठवड्यातून एकदोनदा भरायला शेजारी कोणाला तरी सांगून ठेवा. शोभा प्रत्येक गोष्टीला हो, हो म्हणत होती. लिहून घेत असावी.

मग म्हणाली, "पण लिंबाचं काय करू व ताई? मी त्याले ताण देते, अन् ते चोरून पाणी घालतात. त्याइले वाटते मले माहीत नाही."

"मग रागावता की नाही?"

"कायले रागावू? त्याइले कोणी तहानेलं पाहवत नाही. मन लय कवळं आहे. वरून दिसत नाही."

प्राचीताई म्हणाल्या, "मग त्यांना आमचा कार्यक्रम बघायला सांगा. सगळं शिकतील."

"सांगून उपयोग नाही. ते नावं ठेवतात," शोभा म्हणाली. आणि मग, "पण मी नसली का, मंग पाहतील. रोज पाहतील."

प्राचीताईंनी छान फिरून या म्हटलं. शोभा हो म्हणाली. फोन संपला. पुढचा फोन साताऱ्याचा होता, जास्वंदीवर मावा.

हा भाग मागच्या एप्रिलचा. म्हणजे निदानाला दोन महिने होऊन गेले होते. म्हणजे तिला माहीत होतं. मी अल्सर अल्सर करत होतो, ती मान डोलावत होती, आणि मला चहा देऊन पुन्हा बागेत जात होती. नागपूरला बाहेर बाकावर बसलो होतो ते कशासाठी? तिला कळू नये म्हणून. आणि ती आत कशाची वाट पाहत होती?

आज चहा केला नाही.

१८ एप्रिल

फिरायला निघालो आणि कोपऱ्यावरून परत आलो. विमलताई भिंत ओलांडून लिंबाजवळ बसल्या होत्या. कवेलू बाजूला होतं, त्याच्या जागी मडक्याचं तोंड उघडं होतं, आणि विमलताई घागरीने ते भरत होत्या.

मला पाहून दचकल्या. मग म्हणाल्या, "तिनंच सांगतलं होतं, भाऊ. मी गेल्यावर हे भरजो, आठवड्यातून दोनदा. म्या म्हटलं, दोनदानं काय होते, तिच्या झाडाले रोज घालू."

मी सांगितलं की मीही रोज घालतो. तीन बादल्या.

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "अव माय," म्हणाल्या, "आपण दोघायनं मिळून बुडवलं काय तिचं झाड?"

दोघंही मडक्याशी बसलो आणि हसायला लागलो. नंतर त्या पदराने डोळे पुसत भिंत चढून गेल्या. आजपासून पाणी बंद. मडकंही कोरडं राहील. भगवानरावांना फोन करून तारीख ठरवली, ५ जूनपर्यंत.

भूत नव्हतं, याचं वाईट वाटलं. खोटं का लिहू?

चूक क्रमांक ९ वर काट मारली. बाकीच्या चुका चुकाच आहेत. पण घरातल्या कोणालाच विचारता येत नव्हतं ते एका बाईला त्या कार्यक्रमात विचारता आलं, आणि त्यांनी सांगितलेलं तिने अक्षर न अक्षर केलं. वाहिनीला पत्र लिहिण्याचा विचार सोडला.

२० एप्रिल, रविवार

सलीलला सांगायचं की नाही, यावर दोन दिवस घातले. त्याला समाधान आहे की आईला माहीत नव्हतं. ते का मोडायचं? मग लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतो आहे. फोन लावला आणि सगळं सांगितलं, चहाच्या हाकेसकट.

 मागे मितालीच्या झारीचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, "लिंबू कसं आहे, बाबा?"

म्हटलं, कठीण आहे. बघू.

१० मे

चव्वेचाळीस अंश. डिंक थांबला आहे. झाड मात्र भयंकर दिसतं. पानं दुमडली आहेत, हात लावला की गळतात. भगवानराव फोनवर म्हणतात की हाच ताण, असंच दिसायला पाहिजे. विमलताई भिंतीपलीकडून रोज विचारतात, घालू काय थोडंसं? मी नाही म्हणतो. दोघांनी एकमेकांवर पहारा ठेवला आहे.

२६ मे

शोभाने भरलेलं वर्षाचं पॅकेज आज संपलं. साडेचारला टीव्ही लावला तर निळा पडदा. कुठे काही आवाज नाही. तिची खुर्ची समोर होती आणि मी पलंगाच्या कडेला बसलो होतो. खिडकीतून झाड दिसत होतं. शेंड्याला मोजून सात-आठ पानं.

मला ते पाहवेना. बादली भरली. ५ जूनला दहा दिवस होते, आणि माझी खात्री झाली होती की दहा दिवस हे झाड काढत नाही. मडक्यात थोडंसं ओतावं, वरून घालणं नव्हे ते, अशी स्वतःची समजूत घालत बाहेर गेलो. उकिडवा बसलो. कवेलू उचललं आणि उलटं करून बाजूला ठेवलं.

त्याच्या आतल्या बाजूला लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं. तीच मोठी अक्षरं. ओल खाऊन काही ठिकाणी रंग उडाला आहे, पण वाचता येतं.

'अहो, हे विमल भरते. तुम्ही पाणी घालू नका. तुम्ही नुसते जवळ बसा.'

भिंतीपलीकडे विमलताई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. मी कवेलू वर धरून दाखवलं आणि विचारलं, तुम्ही रोज उचलत होता, हे पाहिलं नव्हतं?

"पाह्यलं होतं," त्या म्हणाल्या. "पण ते तुमचं होतं, भाऊ. ती म्हणे, त्याइले त्याइचं सापडू दे."

बादली परत टाकीत ओतली. कवेलू होतं तसं मडक्यावर ठेवलं, अक्षरं आतल्या बाजूला. मग घरातून तिची वेताची खुर्ची उचलून आणली, आळ्याच्या कडेला लावली आणि तिच्यावर बसलो. ऊन उतरेपर्यंत बसलो. झाड तहानलेलं होतं आणि मी उठून गेलो नाही.

नागपूरला तेरा दिवस मला एवढंच करायचं होतं.